कडुलिंबाखालचा लुडो

चारा छावणी, घाटनांदूर
वैशाख, ऊन मावत नाही असा

श्री. धोंडीराम साडूभाऊंस भगवानरावाचा नमस्कार. आम्ही बरे आहोत. तुम्ही गोदाकाठी राहता, तेव्हा त्याहून बरे असालच.

तुम्ही दिवाळीला पाठवलेल्या मोबाइलबद्दल मी रीतसर तक्रार करीत आहे. त्यातल्या लुडोचा फासा पक्षपाती आहे. मला सहा पडत नाही. तुमच्या मेहुणीला, आमच्या विमलला, मागेल तेव्हा पडतो. संस्कृत शिकवण्यात केस पांढरे केलेल्या माणसाला एका यंत्राने इतके हलके लेखावे?

सध्या आम्ही उभयता आणि कपिला (आपली गाय, आठवा महिना सरत आला आहे, तेव्हा तिघांत मान तिचाच) दूध सोसायटीच्या छावणीत मुक्कामाला आहोत. टँकर येईपर्यंत जनावरं रवंथ करतात नि माणसं मोबाइल खेळतात. बारकाईने पाहून मी सिद्धांत मांडला, की पुरुष खेळतो तो जयेच्छेने आणि स्त्री खेळते ती निव्वळ कालक्षेपासाठी. विमलने तो पूर्ण ऐकला नि मला चहाची भांडी घासायला दिली. खंडन म्हणून एवढंच.

आता मुख्य पर्व. छावणीत झाड एकच, कडुलिंबाचं. बाकी हिरवी जाळी, तिच्याखाली दुपारी जनावर भाजून निघतं. पुरुषांचं म्हणणं, सावलीत बैल बांधायचे, पेरणी त्यांच्यावर आहे. बायकांचं म्हणणं, गाभण गायी. मतदान घ्यावं तर सोसायटीतली जुनी पॅनेलं आडवी येतात. म्हणून ठरलं, लुडो खेळा; ज्याच्या गोट्या आधी घरी जातील त्याच्या बाजूची सावली. पुरुषांकडून मी नि शहादेव (सोसायटीच्या निवडणुकीत यानेच माझं पॅनेल पाडलं, संचालक म्हणून मी एकटा कसाबसा निवडून आलो), बायकांकडून विमल नि शहादेवाची दगडाबाई.

माझी पहिली गोटी मारली ती माझ्याच भिडूने! "लई दिसांनी घावलात, गुरुजी!" म्हणून शहादेव मांडीवर थाप मारून हसला. दगडाबाई तर दिसेल ती गोटी मारत सुटली, विशेषतः नवऱ्याची. विमलने कुणाला हात लावला नाही. एकेक गोटी, संध्याकाळी वासरं वळवावीत तशी, घरी नेत राहिली.

शेवटी शहादेवाची एकच गोटी उरली, तीही घराच्या तोंडाशी. विमलचीही एकच. फासा माझ्याकडे. पलीकडे उन्हात कपिला धापा टाकत होती. मी शहादेवाची गोटी मारली. पुढच्याच फाशाला विमल घरी! बायकांनी असा गलका केला की बैलसुद्धा उठून उभे राहिले. शहादेव गावभर सांगतो, गुरुजींनी निवडणुकीचा सूड उगवला. सांगू द्या. पराभव माझा, सावली माझ्या गायीची. इतका गोड पराभव आमच्या आळीत कुणाच्या वाट्याला आलेला नाही. कपिला आता बुंध्याशी अशी बसते, जणू सोसायटीची चेअरमनच!

विमलला विचारलं, तू खेळतेस कशाला? म्हणाली, "तुमी कुणाला तरी हरवाया खेळता. मी काय तरी घरी आणाया खेळते." मी हे सूत्र लिहून घेणार, तोच दगडाबाई म्हणाली, "मला बाई मारायलाच आवडतंय. त्यात नवऱ्याची गोटी दिसली की हात थांबतच न्हाई."

ता. क. सिद्धांत मागे घेतला आहे.

ता. क. फाशाबद्दलची तक्रारही.

ता. क. कपिलेला तुमच्या मळ्यात ठेवून घ्याल का? पाऊस पडेपर्यंतच. छावणी महिनाअखेर बंद होणार, हे संचालक म्हणून मला कालच कळलं. कपिला विणार त्यानंतर, आणि घरच्या आडाला पाणी नाही. विमल रोज त्या झाडाखाली गायीच्या पाठीवरून हात फिरवत बसते. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायला मला भीती वाटते.