कर्नलची चार हजार पावलं

२ तारीख, सोमवार

कुत्र्याचा पट्टा, आपोआप गुंडाळला जाणारा. दुकानातली किंमत साडेचारशे. खरी किंमत: सव्वीस वर्षांची नोकरी, बायकोचा दोन दिवसांचा अबोला आणि डाव्या करंगळीचं साल. (बटण दाबलं की पट्टा सणकन आत जातो, हे दुकानदाराने पैसे गल्ल्यात टाकल्यावर सांगितलं.)

एकूण सौदा स्वस्त.

ज्या दिवशी ऑफिसात हजेरीचं मशीन आणलं, त्याच दिवशी मी ठरवलं होतं. ज्या माणसाने सव्वीस वर्षं चारशे लोकांना वेळेवर आणलं, तो मशीनसमोर बोट पुढे करून उभा राहणार नाही. मुदतपूर्व निवृत्ती घेतली. आता धंदा. व्हिजिटिंग कार्ड छापून आलं: ‘व्यावसायिक श्वान-चालक’. बायकोचा अबोला या कार्डाने सुटला. म्हणाली, "चालक? कुत्र्याला स्टिअरिंग असतं का हो?"

तिच्याशी करार: तीस तारखेपर्यंत पाच कुत्री. नाही जमली, तर एक तारखेपासून तिच्या भावाच्या टाइल्सच्या दुकानात.

मेहुणा आठ महिने आमच्याच ऑफिसात होता. चार मिनिटं उशीर झाला म्हणून मी त्याला लाल शेरा मारला होता. घरचा माणूस असूनही. त्याने तो अजून मनात ठेवलाय. परवा फोनवर म्हणाला, "दाजी, तुमच्यासाठी स्टूल बघून ठेवलंय. पाठ नसलेलं. झोप लागायला नको."

मी त्याच्या हाताखाली जाणार नाही. हे इथे लेखी.

३ तारीख, मंगळवार

वेळापत्रक पूर्ण. सहाला मालकाचं फाटक. सहा सातला केमिस्टचा कोपरा. सहा एकोणीसला पाण्याची टाकी. सात पाचला परत. लाल पेन, हिरवं पेन, पट्टी.

कुत्री अजून मिळालेली नाहीत. तो तपशील.

कुत्रा आणि कर्मचारी यांच्यात फरक एवढाच, की कुत्रा आजी आजारी असल्याचं सांगत नाही. बाकी शिस्त तीच. महिन्याभरात माझ्याकडचा कुत्रा माझ्या हुकमाशिवाय एक पाऊल टाकणार नाही.

५ तारीख, गुरुवार

बायको विचारते, "तुम्ही तर कुत्र्यांना घाबरता ना?" गैरसमज. मी अंतर राखतो. साहेबांशीही राखत होतो.

६ तारीख, शुक्रवार

पहिलं गिऱ्हाईक! निवृत्त मुख्याध्यापिका, पलीकडच्या गल्लीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तीन आठवडे बाहेर पडायचं नाही. कुत्र्याचं नाव कर्नल. लांबीला बाक, उंचीला पायरी. वजन सतरा किलो. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दोन किलो उतरवा, नाहीतर पाठ जाईल.

बाईंनी माझी परीक्षाच घेतली. "रोज किती चालवाल? कशावरून? मी कसं समजायचं?" मी म्हटलं, बाई, तोंडी कारभार माझ्याकडे नाही. पावलं मोजायचं यंत्र लावतो. दर शनिवारी सहीशिक्क्याचा दाखला मिळेल.

बाई एकदम खूष. त्याही आयुष्यभर दाखलेच देत होत्या.

७ तारीख, शनिवार. सकाळी ७.४०

कर्नल फाटकाबाहेर आला आणि बसला.

व्हिडिओत दाखवलेले सगळे हुकूम दिले. ‘फॉरवर्ड’. ‘वॉक’. ‘मूव्ह’. त्याने जांभई दिली. सहा चार झाले. सहा पाच. सव्वीस वर्षांत मी कधी उशीर केला नाही. सहा सहा झाले. शेवटी उचलला आणि निघालो. फक्त केमिस्टच्या कोपऱ्यापर्यंत, वेळ भरून काढायला.

कोपऱ्यावर खाली ठेवला तर परत बसला. मग टाकीपर्यंत.

सात पाचला हजर; फाटकाच्या भिंतीआड त्याला खाली ठेवला. यंत्र कर्नलच्या गळ्यात होतं. आकडा: ४,०१२. बाईंनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. "पहिल्याच दिवशी! आणि बघा तरी, दमलासुद्धा नाही!"

खरंच दमला नव्हता.

८ तारीख, रविवार

कंबर. मलम. बायको चोळता चोळता म्हणाली, "चालवायला गेला होतात की कुस्ती खेळायला?" धंद्यातल्या गोष्टी घरात बोलायच्या नाहीत, असा नियम आजपासून.

विचार करता माझं काही चुकलेलं नाही. कुत्रा वेळेवर बाहेर पडला, ठरलेल्या रस्त्याने गेला, वेळेवर परत आला. पावलं नोंदली गेली. पाय कोणाचे, असा रकाना वहीत नाही.

तरी उद्यापासून त्याला चालवायचंच.

९ तारीख, सोमवार

उद्यापासून.

१२ तारीख, गुरुवार

बाईंनी चार ठिकाणी कौतुक केलं. त्यातून दोन नवी कुत्री. दातांच्या डॉक्टरचा बिस्किट, पांढरा, हाताएवढा, सारखा थरथरतो. आणि बेकरीवाल्याची माऊ. कुत्रीच आहे, नाव त्याच्या नातीने ठेवलं.

एकूण तीन. अठरा दिवस बाकी. मेहुण्याला मुद्दाम फोन करून आकडा कळवला. म्हणाला, "अरे वा! पण स्टूल परत घेत नाहीत हो दाजी, बिल फाडलंय."

१३ तारीख, शुक्रवार

बिस्किट आणि माऊ व्यवस्थित चालणारी जनावरं होती. केमिस्टच्या कोपऱ्यापर्यंत चालली. तिथे दोघांनी वर पाहिलं. कर्नल माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बसला होता.

दोघं बसली.

एकाला सवलत दिली की युनियन होते. ऑफिसातही हेच व्हायचं. परत येताना बिस्किट शर्टात, माऊ काखेत, कर्नल पाठीवर. केमिस्ट शटर उघडता उघडता थांबला. विचारलं, "काका, पूर आलाय का कुठे?"

अशा लोकांच्या नादी लागायचं नाही.

१६ तारीख, सोमवार

व्यवस्थापनाचा प्रश्न होता, सुटला. मेहुण्याच्या गोदामातून टाइल्सची खोकी वाहायची हातगाडी आणली. कपाट हलवायचंय असं सांगितलं. गाडीवर जुनी सतरंजी. मालकांच्या दारात न नेता गल्लीच्या वळणावर उभी करायची. तिघं आरामात मावतात. पुढे कर्नल, मधे माऊ, मागे बिस्किट. उंचीप्रमाणे.

एक अडचण: गाडीवर यंत्र पावलं मोजत नाही. कर्नल १४, बिस्किट ९ (तो थरथरतो म्हणून), माऊ ०.

यंत्रं काढून माझ्या घोट्याला बांधली. तिन्ही. मोजमाप कसं अचूक हवं.

१९ तारीख, गुरुवार

चौथा! वकिलांचा टायगर. बसलेला असतानाही माझ्या छातीपर्यंत येतो. वकील म्हणाले, "काही करत नाही तो." हे वाक्य मी ऑफिसात चारशे लोकांबद्दल ऐकलंय, त्यामुळे विश्वास बसला.

टायगरने गाडी हुंगली, गाडीतल्या तिघांकडे पाहिलं, आणि चढला. बिस्किट त्याच्या खाली कुठेतरी आहे हे टाकीपाशी कळलं.

चढावर दोनदा थांबलो. तरीही सात पाचला हजर.

२१ तारीख, शनिवार

दाखले वाटले. चौघांची पावलं: कर्नल ४,२१२. बिस्किट ४,२१२. माऊ ४,२१२. टायगर ४,२१२.

कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत बसलो. एक खाडाखोड नाही, एक लाल शेरा नाही. सव्वीस वर्षांत चारशे माणसांकडून जे जमलं नाही, ते चार कुत्र्यांकडून पंधरा दिवसांत करून घेतलं.

बायकोला दाखवलं. तिने पान हातात घेतलं, वाचलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "सगळ्यांची सारखीच?" मी म्हटलं, शिस्त. ती म्हणाली, "अहो, आपण दोघं भाजीला जातो तेव्हा माझी पावलं तुमच्याएवढी असतात का?"

तिचा आकड्यांशी संबंध आला नाही कधी.

२३ तारीख, सोमवार

बाई म्हणाल्या, "एवढं चालतो बिचारा, भूक लागते त्याला. दोन अंडी वाढवलीत." दातांच्या डॉक्टरने विचारलं, "चार हजार पावलं चालून आल्यावर हा सोफ्याभोवती तासभर का पळतो?" म्हटलं, डॉक्टर, सराव.

पँट सैल झालीय. पट्ट्याला नवं भोक पाडलं. माझ्या पट्ट्याला.

२५ तारीख, बुधवार

चारही कुत्री आता माझ्या ताब्यात आहेत. मी फाटकात दिसलो की जागच्या जागी बसतात आणि पुढचे दोन्ही पाय वर करतात. चौघंही. न सांगता. इतकी नम्रता साहेब आल्यावर शिपायातही पाहिली नाही.

२७ तारीख, शुक्रवार. दुपार

मोठी बातमी. जनावरांच्या डॉक्टरांचा फोन. कर्नल आणि टायगर एकाच वेळी लस टोचून घ्यायला गेले होते. तिथे बाई आणि वकील यांनी दाखले शेजारी शेजारी ठेवले. डॉक्टर म्हणाले, "असा रेकॉर्ड मी आयुष्यात पाहिला नाही." शब्दशः. पुढे म्हणाले, "टायगरचा पाय हातभर, कर्नलचा वीतभर, आणि पावलं तेवढीच. हे कसं करता ते मला बघायचंच आहे."

रविवारी सकाळी मैदानावर सगळ्या मालकांसमोर प्रात्यक्षिक. पटलं तर डॉक्टरांचा स्वतःचा कुत्रा माझ्याकडे. पाचवा! तीस तारखेच्या एक दिवस आधी!

मेहुण्याला कळवलं. म्हणाला, "दाजी, कपाट हललं का? हातगाडी लागतेय." सोमवारी देतो म्हटलं. विजयी माणसाने आवाज चढवू नये.

२८ तारीख, शनिवार

गाडी मैदानावर न्यायची की नाही? न नेलेली बरी. लोक तपशिलात अडकतात.

उद्या चालवायचंच. एकदाच तर चालायचंय.

२९ तारीख, रविवार. सकाळी ९.३०

झालं ते क्रमाने लिहितो.

सहा वाजता मैदान. बाई गुडघ्याला पट्टा बांधून, काठी घेऊन, रिक्षाने आलेल्या. वकील, दातांचे डॉक्टर, बेकरीवाला नातीसह. जनावरांचे डॉक्टर हाताची घडी घालून. बायकोही आली. तिच्यामागे मेहुणा. त्याला कोणी बोलावलं, विचारायचं राहिलं.

चारही कुत्री आपापल्या मालकांजवळ उभी होती. मी पट्टा काढला. ‘फॉरवर्ड’ म्हटलं.

चौघं बसली. आठ पाय वर.

डॉक्टर म्हणाले, "आता?" मी म्हटलं, ही पूर्वतयारी. परत हुकूम दिला. कर्नल पाठीवर आडवा झाला, म्हणजे उचलायला सोपं. बिस्किटने उडी मारून दातांच्या डॉक्टरच्या हातात जागा घेतली. माऊ मैदानभर शोधत फिरली आणि शेवटी बेकरीवाल्याच्या सायकलच्या टोपलीत जाऊन बसली, तोंड पुढे करून. टायगरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे काही आहे का पाहिलं. काही नव्हतं. मग त्याने दोन्ही पाय माझ्या खांद्यावर ठेवले आणि उरलेले दोन उचलले.

मी खाली, तो वर. पँटचे पाय वर सरकले. घोट्याला बांधलेली चार यंत्रं सगळ्यांनी पाहिली.

बेकरीवाल्याची नात म्हणाली, "आजोबा, हेच काका माऊला गाडीवरून फिरवतात ना? मला कधी बसवणार?"

जनावरांच्या डॉक्टरांनी टायगरला बाजूला केलं, मला बसतं केलं, आणि बॅगेतला वजनकाटा काढला. कर्नल वीस किलो. मग म्हणाले, "तुम्हीही उभे राहा जरा." महिन्यापूर्वीपेक्षा सहा किलो कमी, हे मीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "चांगलं वजन उतरलंय हो. फक्त चुकीच्या पेशंटचं."

बाई काही ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पर्समधून माझे तीन दाखले काढले, घडी उलगडून माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "शाळेत खोटी हजेरी लावणारा मास्तर मी एकदाच पाहिला होता. तो निदान हसत तरी होता. तुमचा स्वतःचा विश्वास बसला होता की काय?"

मी दाखले घडी घालून खिशात ठेवले. अजून खिशातच आहेत.

येताना मेहुण्याने स्कूटरवर मागे बसवलं. उतरल्यावर एवढंच म्हणाला, "मंगळवारी दहाला या दाजी. दहा चार झाले तरी चालतील."

३० तारीख, सोमवार

चार गेली. पाचवा आला नाही.

तसं पाहिलं तर कुत्री बाहेर पडत होती. वेळ पाळली जात होती. कालपर्यंत एकाचीही तक्रार—

(नंतर) बायकोने चहा आणून ठेवला. शेजारी बसली. म्हणाली, "वीस किलोचं धूड रोज उचलत होतात, मला एकदा सांगायचं तरी. गाडी ढकलायला आले असते." 

वही मिटतो.

१ तारीख, मंगळवार. सायंकाळ

दुकान. पावणेदहाला हजर होतो. कुलूप होतं.

दिवसभर नमुन्याच्या टाइल्स वरच्या मजल्यावर नेल्या. गिऱ्हाईक म्हणालं, या वयात दम नाही लागत तुम्हाला? मेहुणा म्हणाला, "आमच्या दाजींचं ट्रेनिंग झालंय." हसला, पण वाईट नाही हसला.

साडेपाचला दारात उभा होतो. समोरून बाई, काठी टेकत, हळूहळू. सोबत कर्नल. मला पाहिलं तसा तो थांबला, बसला, पुढचे दोन्ही पाय वर केले. मी हात मागे बांधले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. कर्नलला म्हणाल्या, "चल रे."

तो उठला आणि चालू लागला.