होती तशी सायकल

सोमवार, १२ फेब्रुवारी

आदरणीय ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यामुळे तो प्रत्यक्ष घालणं आता जमत नाही, म्हणून कागदावर घालतो.

ताजी बातमी अशी की, जिन्याखालच्या खोलीतली लाल सायकल माझी नव्हती. ती तुमच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे आमच्या हिची होती. काल संध्याकाळी रंगाऱ्याने हे नक्की केलं आणि त्याच्या बायकोने आतून ओरडून दुजोरा दिला. तुम्हाला हे आधीपासून ठाऊक असणारच. तुम्हा बहिणींना एकमेकींचं काय ठाऊक नसतं! मला मात्र कालच कळलं.

ही तुमच्याकडे सुखरूप पोचली असेल. इकडे सर्व ठीक. हवा बरी आहे. नळाला पाणी वेळेवर येतं. दूध एकदा उतू गेलं, एकदा नासलं आणि काल आणायचंच राहिलं.

तुम्ही हे पत्र वाचत असाल तेव्हा ती शेजारी काहीतरी निवडत बसली असेल आणि लक्ष नसल्यासारखं दाखवत असेल. तेव्हा कृपा करून मोठ्याने वाचा. जिथे मनात वाचायचं असेल तिथे मी तशी सूचना देईन.

माझा सायकलींचा नाद तुम्हाला माहीत आहे. मागे तुम्ही आलात तेव्हा मोरीत टांगलेल्या फ्रेमवर तुमचं डोकं आपटलं होतं. त्या फ्रेमची आता पूर्ण सायकल झाली असून ती गॅलरीत उभी असते. तुमची आठवण म्हणून आम्ही तिला ‘ताई’ म्हणतो. वजनाला जड आहे, पण एकदा निघाली की कुणाच्या बापाला ऐकत नाही. (हा परिच्छेद मनात.)

झालं ते असं. कुणी घर बदलतं, कुणाचं दुकान बंद होतं, कुणाचा मुलगा मोटारसायकल घेतो, आणि त्यांची जुनी सायकल माझ्याकडे येते. मी ती पूर्ण खोलतो. एकीचं हँडल दुसरीला शोभतं, तिसरीची चाकं चौथीला. ज्यांची पाळी आलेली नसते त्या जिन्याखालच्या खोलीत एकमेकींना टेकून उभ्या असतात. आता तिथे नक्की काय काय आहे हे माझ्या लक्षात राहत नाही, आणि खरं सांगू, त्यातच मजा आहे. आपण आणलेली वस्तू विसरून जावी आणि एक दिवस ती पुन्हा सापडावी! नव्या खरेदीचा आनंद होतो आणि घरात बोलणीही खावी लागत नाहीत.

तर गेल्या आठवड्यात एक दिवस मला तिथे मागच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली, एक लाल बायकी सायकल सापडली. मी हरखलो. अशी कधी आणली ते काही केल्या आठवेना, पण माझ्या बाबतीत हे नेहमीचंच. दुपारपर्यंत मी ती खोलली. चाकं चांगली होती, ती एकीला बसवली. सीट दुसरीला. कॅरिअर, स्टँड, चेनचं कव्हर असं ज्याच्या त्याच्या नशिबाला गेलं. फ्रेम हिरव्या रंगासाठी रंगाऱ्याकडे न्यायची म्हणून बाजूला काढली. मग उरलेले भाग पुढच्या खोलीत वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि हिला हाक मारली.

“बघ तरी काय सापडलंय!”

ही हात पुसत आली आणि दारातच थबकली.

“ही कुठे होती?”

“खाली. माझीच. पण आधी कोणाकडे होती कोण जाणे, काय हाल केलेत गं बिचारीचे! हँडल वाकडं, मडगार्ड खुळखुळणारं, आणि सीट इतकं खाली घेतलेलं की सर्कशीतल्या अस्वलाने बसावं.”

“अस्वलाने,” ती म्हणाली.

“हो ना!” म्हणून मी मोठ्याने हसलो. एकटाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली. “ताईकडे जाते.” कधी येणार विचारलं, तर “बघू” म्हणाली. या ‘बघू’चा अर्थ तुम्हाला जास्त कळतो. मला तीस-पस्तीस वर्षांत कळलेला नाही.

मी आपला कारणं शोधत बसलो. तिच्या टॉवेलने चेन पुसली होती ते कळलं असेल का? बेअरिंगचे छर्रे भिजायला तिच्या आवडत्या वाटीत ठेवले होते, ते? एकेक आठवत गेलो, तर यादी माझ्या बाजूने फारशी चांगली दिसेना. पण यातलं काहीच नवं नव्हतं. जुन्या गुन्ह्यांवर तिने एवढी मोठी शिक्षा कधी दिली नव्हती.

काल फ्रेम आणायला रंगाऱ्याकडे गेलो. हिरवा रंग उत्तम बसला होता. तो म्हणाला, “काका, काकूंना लाल आवडला नाही का शेवटी?”

“कोणत्या काकूंना?”

“आता तुमच्या घरात किती काकू आहेत?”

मग सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी हिने स्वतः ती सायकल शोधून विकत घेतली, याच्याकडून लाल करून घेतली, आणि ‘यांना सांगू नकोस’ म्हणून बजावलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी, म्हणजे त्या निवृत्त मुख्याध्यापिकेने, मैदानावर नेऊन तिला शिकवलं. आणि तेव्हापासून ती रोज सकाळी चालवते! पेपरवाल्याला ठाऊक, औषधाच्या दुकानवाल्याला ठाऊक. आख्ख्या गल्लीत ठाऊक नसलेला मी एकटा.

“अरे, मग मी फ्रेम घेऊन आलो तेव्हा बोलला का नाहीस?”

“मला वाटलं, काकूंनी सांगितलं असेल तुम्हाला.”

तेवढ्यात आतून त्याची बायको ओरडली, “सांगितलं असतं तर काकांनी ती सुधारली नसती का?”

दोघं हसले. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईकही हसलं. त्याचा काय संबंध?

ताई, मी आयुष्यभर पंख्यांच्या कारखान्यात माल तपासायचं काम केलं. पात्याला केसभर बाक असला तरी मला लांबून दिसायचा. आणि माझ्या घरातलं माणूस सकाळी “जरा चालून येते” म्हणून जायचं, तास-दीड तासाने गाल लाल करून गुणगुणत परत यायचं, तेव्हा मी काय म्हणायचो ठाऊक आहे? “रक्तदाब तपासून घे एकदा.”

सायकल लपवायला दुसऱ्या सायकलींइतकी चांगली जागा नाही, हे तिने बरोबर ओळखलं. तिने लपवली याचा मला राग नाही. (मोठ्याने.) थोडा आहे. (मनात.) पण रंगाऱ्याच्या बायकोचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. तिला एक वस्तू अशी हवी होती जिला माझा पाना लागणार नाही, आणि मी नेमकी तीच निवडून खोलली.

कालपासून मी पान्याला हात लावलेला नाही. घरात इतकी चाकं आहेत, पण एक फिरत नाही. तुम्ही विचाराल, आता तुमचं म्हणणं काय? म्हणणं असं काही नाही. फक्त तिला विचारा, काय केलं म्हणजे ती परत येईल. आणि ‘बघू’ म्हणाली, तर त्याचा अर्थ तेवढा खाली लिहून पाठवा.

आपला नम्र,
ज्याला सगळ्यात शेवटी कळतं तो मेहुणा


शनिवार, २४ फेब्रुवारी

अगं,

पत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला कळतं. पण ‘प्रिय’ लिहिलं तर तू आधी चष्मा पुसशील आणि मग संशय घेशील.

तुझी चिठ्ठी मिळाली. “सायकल होती तशी करा. काहीही सुधारायचं नाही. मग येते.” इतक्या वर्षांत तू मला पाठवलेलं हे सगळ्यात लांब पत्र. ‘बघू’च्या जागी ‘येते’ आहे, हे मी दोन्ही चष्म्यांनी तपासलं.

काम सोपं वाटलं होतं. सगळे भाग घरातच होते. चाकं काढली, सीट काढलं, कॅरिअर काढलं. परिणामी माझ्या निम्म्या सायकली लंगड्या-पांगळ्या होऊन उभ्या आहेत. रंगारी हिरव्यावर पुन्हा लाल चढवताना म्हणाला, “काका, आता यावर निळा नको ना?” सध्या माझी बोलायची परिस्थिती नाही.

अडचण पुढे आली. जोडता जोडता माझ्या हातून सायकल चांगलीच होत होती. हँडल सरळ बसत होतं, चाकं डुगडुगत नव्हती. होती तशी म्हणजे कशी, हे कुठे मला ठाऊक होतं? मी ती चालताना पाहिलीच नव्हती. मग निघालो विचारायला.

वरच्या बाई म्हणाल्या, “हँडल डावीकडे जरा वळलेलं हवं. तिला तसंच सरळ वाटतं. आणि सीट खालीच ठेवा हो, पाय टेकले की तिला धीर येतो.” अस्वलाचं त्यांच्याही कानावर गेलेलं दिसलं. “शाळेत मी असल्या वाक्याला बाकावर उभं करायची,” म्हणाल्या. मी त्यांच्या दारात उभाच होतो, तसाच उभा राहिलो.

पेपरवाला म्हणाला, “मडगार्ड वाजलं पाहिजे, काका. त्या आवाजावर आमची मांजर रस्त्यातून उठते.” घंटीचं विचारलं तर म्हणाला, “घंटी कुठे वाजवतात काकू? तोंडानेच म्हणतात, सरका, सरका! आणि लोक सरकतात.” यावर माझा लगेच विश्वास बसला.

औषधाच्या दुकानदाराने आधी टाळाटाळ केली. मग सांगितलं की एकदा तू त्याच्या पायरीसमोर पडलीस, कोपराला मलम लावून घेतलंस आणि पुन्हा बसून गेलीस. घरी मला सांगितलंस, टेबलाचा कोपरा लागला. मी त्या टेबलाचा कोपरा कानशीने घासून गोल केला होता, आठवतं? उगाच त्या टेबलाला शिक्षा झाली.

असं विचारत विचारत मला कळलं की तू उतारावर पाय वर घेतेस, वळणावर ओठ चावतेस, आणि तळ्यापाशी थांबून एकटी चहा पितेस. मला कुणी याहून चांगली बातमी बऱ्याच दिवसांत दिली नव्हती, आणि ती मला मडगार्डची चौकशी करताना मिळाली.

तर सायकल तयार आहे. हँडल डावीकडे वळवलं. मडगार्डचा स्क्रू घट्ट केला, मग मनावर दगड ठेवून परत सैल केला. खुळखुळ नीट येईना, म्हणून पेपरवाल्याला बोलावलं. त्याने कान लावून ऐकलं, “अजून थोडी,” म्हणाला. कारखान्यात कुणी असा माल पास केला असता तर मी त्याला घरी बसवलं असतं. इथे मीच सही करून पास केला.

फ्रेमवर तुझ्या पडण्याचा ओरखडा होता, तो मात्र गेला. कुठे होता ते दुकानदाराने बोटाने दाखवलं. मी पाना घेऊन उभा राहिलो, पण हात उचलवेना. तेवढा तुझा तूच पाडून घे. घाई नाही.

आणि एक गोष्ट मी सुधारली आहे. आधीच सांगतो, नंतर सापडून बोलणी खाण्यापेक्षा बरं. मागच्या ब्रेकची तार तुटायला आली होती. एकच धागा उरला होता. ती मी बदलली. ब्रेक पूर्वीसारखाच किंचाळतो, रंग तोच, दाबायला तेवढीच जड. तुझ्या अटीत हे बसत नसेल, तर येऊन भांड. पण मी ती जुनी तार परत बसवणार नाही. बाकी सगळ्यात तू म्हणशील ते.

पुढच्या शनिवारी तू सकाळच्या बसने येते आहेस, असं ताईंनी फोनवर सांगितलं. थांब्यासमोर पेपरवाल्याच्या टपरीला सायकल लावून ठेवलेली असेल. मी तिथेच असेन, पण सायकलला हात लावणार नाही, धरणार नाही, आणि तू निघताना “पुढे बघ” म्हणणार नाही. बॅग माझ्याकडे दे. तू घरी जा, नाहीतर सरळ तळ्याकडे जा. ते तुझं तू ठरव. तिकडे गेलीस तर एक चहा माझ्यासाठी सांगून ठेव. गुडघ्यामुळे मला पोचायला वेळ लागेल.

तुझाच,
बॅग घेऊन मागून चालत येणारा