नाव न घेता लिहिलेला सारांश

ती. सौ. कल्पनावन्संना अंबिकाचा नमस्कार. साष्टांग घालायला वाकले की उठवायला माणूस लागतं, तेव्हा हा उभ्याउभ्याच घ्या. इंदूरला गुडघे कसे आहेत? सुनेला टोमणे मारणं चालू आहे ना? (नसेल तर तब्येत खरंच बिघडलीय असं समजेन.)

मी मजेत. तुमचे भाऊ गेल्यापासून दुपार सरत नाही, म्हणून माधव नगरात इंग्रजीच्या क्लासला जाते. गावच्या शाळेत इंग्रजी यायच्या आधी माझं लग्न आलं, त्याचं उट्टं काढतेय. शिकवणारी निहारिका नातीच्या वयाची, पण मी तिला मॅडम म्हणते. सध्या सारांश चाललाय. म्हणजे मोठा धडा वाचायचा, फालतू बातें गाळायच्या आणि मेन बात आपल्या शब्दांत लिहायची. (तुम्हाला जमायचं नाही. तुमचे फोन आठवा.)

परवा धडा आला एका बँकेतल्या माणसाचा. छत्री काखेत नि शोध गावभर. आणि त्याचं नाव काय असावं? तुमच्या भावाचंच! आता मी ते कसं लिहिणार? जन्मात उखाण्याबाहेर घेतलं नाही. सगळीकडे नुसतं 'तो माणूस' लिहून मोकळी झाले.

मॅडम म्हणाल्या, "आंटी, पर ये है कौन? नाम तो सबसे पहले आना चाहिए." शेजारची शोभा खिदळली, "मॅडम, इनके मिस्टर का नाम है, नहीं लेंगी!" झालं, सगळ्या मागे लागल्या. मी इंग्रजीतून उखाणा घ्यायला उठलेसुद्धा, पण नावाशी आले आणि खालीच बसले. वर्गाला वाटलं लाजले. वाटू दे.

मग मॅडमनी धडा मोठ्याने वाचला. ते नाव आलं की, वन्सं, मी दर खेपेला दाराकडे बघत होते. येडी नुसती. घरात ते नाव आता कुणी घेतच नाही. अनिकेत 'बाबा' म्हणतो, सून 'पापाजी', शेजारी 'अंकलजी'.

सारांशाला दहापैकी चार मिळाले. मेन बातच गाळली म्हणे.

तुमची लाडकी (दुसरी नाही म्हणून) भावजय,
अंबिका

ता. क. हे पत्र खरं तर चिवड्याची कृती विचारायला लिहिलंय.

ता. क. परत. खोटं. रविवारी बस धरा, इथे देवास गेटच्या स्टँडवर उतरून ऑटो करा. तुम्ही त्यांच्याहून थोरल्या, तुम्हाला नावाने हाक मारायची मुभा आहे. फाटकापासूनच मारा, सगळी गल्ली बाहेर येईल अशी. मी आतून सांगेन, बाहेर गेलेत, येतीलच एवढ्यात.