बेडरूमची क्रीम भिंत

३ जून
रंगाच्या दुकानातली ट्यूबलाइट लुकलुकतेय. मालकाला पुन्हा सांगितलं. म्हणे, परवाच नवी लावली. हल्ली माल कसला येतो!

५ जून
गिऱ्हाईक डबा घेऊन परत. आकाशी मागितला, राखाडी दिला म्हणे. इतकी वर्षं मी नुसत्या नजरेने शेड जुळवतोय. लोकांना आकाशी कशाला म्हणतात तेच माहीत नाही.

९ जून, संध्याकाळ
जिन्यात पडलो. पायरीच चुकीच्या जागी आहे. बायको डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार. संकल्प: चष्मा घ्यायचा आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची.

१२ जून
चष्मा नाहीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठेतरी कॅन्सर लपलेला असू शकतो. त्याच्याशी लढताना शरीर चुकून डोळ्यांच्या पडद्यावरच तुटून पडतं. छातीचा स्कॅन लगेच करा, उशीर नको. डोळे दाखवायला गेलो, तर बाईंना छाती बघायचीय. उद्या दात दुखला की गुडघ्याचा एक्सरे.

१८ जून
स्कॅनला वेळ नाही. त्यापेक्षा डोळे ठणठणीत असल्याचा पुरावाच दिला. बेडरूमची एक भिंत क्रीम रंगवली, शेड स्वतः मिसळून. बायकोने आधी रंगाचा डबा उचलून बघितला, मग म्हणाली, छान झालीय. लेक भिंत बघून लगेच बाहेर निघून गेली. तिला बापाचं कौतुक कधी होतं!

२ ऑगस्ट
बायकोने अबोला धरला म्हणून स्कॅन. फुप्फुसात गाठ. भीती वाटली. घरात म्हणालो, किरकोळ आहे.

२० ऑगस्ट
केमो. डोळ्यांसाठी स्टेरॉइड. शिवाय सलाइनमधून दुसऱ्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी. माझ्या शरीराचं माझ्याशीच भांडण, म्हणून बाहेरची माणसं मध्यस्थीला. योजना: महिन्याभरात काउंटरवर हजर.

९ ऑक्टोबर
गाठ आटतेय. नजर जाणं थांबलंय. उरलीय ती बहुतेक टिकेल, गेली ती येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जूनमध्येच स्कॅन केला असता तर, असं विचारलं. त्यांनी पुढच्या सलाइनची तारीख लिहून दिली.

घरी आल्यावर म्हणालो, असू दे, आपली क्रीम भिंत तर दिसतेय. तेव्हा लेक रडत म्हणाली, बाबा, ती गुलाबी आहे. पहिल्या दिवसापासून. बायको म्हणाली, तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही हट्टाने त्याच रंगाचा दुसरा हात मारला असता.

विचारलं, गुलाबी म्हणजे नेमका कुठला? दोघींनाही धड सांगता येईना. रंगातलं या घरात आता कोणालाच काही कळत नाही.