नऊ पांढरे सदरे

कॉर्लिस फॉल्स,
४ मे २०१९

प्रिय एनिड,

अनेक आशीर्वाद. नाताळच्या कार्डावर तू यंदाही नुसती सहीच केलीस. पण त्या सहीची शेपटी जरा थरथरली होती, म्हणून आधी हेच विचारतो, हात कसा आहे? ओरेगॉनची ओल सांध्यांना चांगली नाही म्हणतात.

इथे सगळं ठीक. लायलॅक यंदा आठ दिवस उशिरा फुलला. मी अजून त्याच दोन खोल्यांत, हार्डवेअरच्या दुकानामागे. गुडघ्यांमुळे जिना दिवसातून एकदाच उतरतो, दुपारी, कोपऱ्यावरच्या खाणावळीत रूबार्बची आंबटगोड 'पाय' खायला. बाकी वेळ खिडकी आणि मी.

खिडकीवरून आठवलं. समोर पशुखाद्याच्या दुकानाची ती लांबलचक विटांची भिंत आहे ना, तिच्यावर चित्र काढतायत. आपल्या गावच्या पहिल्या पगारी बेसबॉल संघाचं, १८७८ सालचं. वीस फूट उंच नऊ माणसं! महिनाभर एक चित्रकार शिडीवर चढून बसलाय. समितीची प्रमुख डार्लीन कॉप. तुझ्याकडून बाहुलीला झगा शिवून न्यायची तीच, पुढे माझ्या सातवीच्या वर्गात होती. आता आजी झाली, तरी रस्त्यात दिसलो की ओरडते, "सर, कविता म्हणू का?" आणि म्हणतेच.

तो मूळ फोटो आपल्याला कसा मिळाला, आठवतं? चर्चच्या पोटमाळ्यावर, तुटक्या ऑर्गनमागे. तू फुंकर मारलीस आणि धुळीतून एकेक मिशी वर आली. नंतर तीन हिवाळे आपण भिंग घेऊन त्या नऊ जणांपाशी बसलो. कॉलर पाहून साल ओळखायचं. सदऱ्याची छाती दोऱ्यांनी आवळलेली की बटणांनी ढालीसारखा तुकडा बसवलेला, टोपी डब्यासारखी की गोल, सगळं वहीत उतरायचं. लोक म्हणायचे, मेलेल्या माणसांचे कपडे मोजणारी भावंडं! माझ्या आयुष्यात त्याहून सुखाचे हिवाळे आले नाहीत. मिस लुडलोंच्या वर्गात आपण एका बाकावर बसून, पट्टीच्या ठेक्यावर कविता पाठ करायचो. तेच दिवस पुन्हा आले होते.

अनावरण १ जूनला आहे. गाव मला त्या जुन्या पद्धतीच्या पोशाखात पहिला चेंडू टाकायला लावणार. तुला जमेल का यायला?

तुझा भाऊ,
अल्डन

ता. क. तू शिवलेला तो एक सदरा माझ्या कपाटात आहे. कसर लागलेली नाही. सहज लिहिलं.

*

कॉर्लिस फॉल्स,
१९ मे २०१९

प्रिय एनिड,

तुझं उत्तर नाही. येईल असं मनाशी म्हणत होतो, हेही खरं. टपालवाली बाई खालूनच हात हलवते. पत्र नाही हे तिला तोंडाने सांगावं लागत नाही.

गेल्या पत्रात मी लायलॅकचं लिहिलं, खाणावळीचं लिहिलं, सगळं लिहिलं आणि एक गोष्ट सोडून दिली. तुझ्या ते लक्षात आलं असेलच. लहानपणी मी कवितेचं कडवं विसरलो की पुढचं कडवं मोठ्याने म्हणायचो आणि तू बाकाखालून लाथ मारायचीस.

भिंत आता अर्धी रंगून झाली. सकाळी डोळे उघडले की समोर पांढरंच पांढरं. पडदा ओढला तरी कापडातून उजेड पांढराच येतो. खुर्ची फिरवून बसलो, तर आरशात भिंत! एनिड, उरलेलं आयुष्य मला हिच्यासमोर काढायचंय. दुसरी खोली शोधायला गुडघे नाहीत आणि कुणाला कारण सांगायला तोंड नाही.

तेव्हा सांगतोच.

१९९४च्या मार्चमधली चर्चच्या सभागृहातली ती सभा. गावातल्या हौशी पोरांचा जुन्या नियमांनी, हातमोज्यांशिवाय खेळणारा संघ निघायचा होता. पोशाख तू शिवणार होतीस, कसे असावेत ते मी सांगणार होतो. मी म्हणालो, पांढरे सदरे, काळे मोजे. फोटोत दिसतं तसे. तू पिशवीतून एक निळा सदरा काढून टेबलावर ठेवलास. आकाशासारखा निळा.

"मास्तर," तू म्हणालीस. चिडवायचं असलं की तू मला मास्तरच म्हणतेस. "त्या काळी फोटो ज्या काचेवर उतरायचा, ती काच निळ्याला पांढरं करायची आणि लालला काळं. हा बघा तुमचा कॅचर. ह्याचे डोळे सदऱ्याइतकेच पांढरे आहेत. मग हा काय आंधळा होता? आंधळ्याला पगार देऊन चेंडू झेलायला ठेवला होता आपल्या गावाने?"

लोक हसले. तुझ्या बाजूने हसले. आणि मला ते सोसलं नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "एनिड, तू सुई सांभाळ. फोटो मी वाचतो."

मग लोक माझ्या बाजूने हसले.

नऊ पांढरे सदरे शेवटच्या बटणापर्यंत शिवलेस, इस्त्री करून माझ्या दाराशी ठेवलेस, आणि पंधरा दिवसांत लेकीकडे ओरेगॉनला निघून गेलीस. निळा सदरा सभागृहातल्या टेबलावरच राहिला होता. तो मी उचलून आणला, टाकून देण्यासाठी. टाकला नाही.

आता कुणालाच न सांगितलेलं सांगतो. तू बोलत होतीस तेव्हाच मला कळलं होतं की तुझं बरोबर आहे. काच निळ्याला फसते हे मलाही ठाऊक होतं. मीच तुला पहिल्या हिवाळ्यात शिकवलं होतं! पण त्या नऊ जणांवरची माझी पुस्तिका तेव्हा छापून आली होती. पान अकरावर माझी कविता होती:

नऊ पांढरे सदरे हिरव्या माळावरती,
जसे उतरले हंस चेंडू घेऊन हाती.

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कविता मुलांकडून पाठ करून घेतल्या. ही एवढी एकच माझी. निळे हंस कसे लिहू, सांग? दोन ओळींसाठी मी तुला घालवलं.

अजून आहे. पुढच्या हिवाळ्यात, जिल्ह्याच्या वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांची फिल्म फिरवताना एक बातमी सापडली. मे १८७८. "आमची मंडळी आकाशी फ्लॅनेलचे सदरे आणि लालभडक मोजे घालून मैदानात उतरली." मी तिची प्रत काढली, घडी केली आणि शब्दकोशात ठेवली. वाटलं, नाताळात कळवू. मग वाटलं, ईस्टरला. तोवर शाळेने आपल्या संघाचं नाव 'हंस' ठेवलं. पाण्याच्या टाकीवर हंस रंगला. बेकरीत हंसाच्या आकाराची बिस्किटं आली. देशभरचे आमच्यासारखे वेडे जुन्या संघांच्या पोशाखांची जी यादी ठेवतात, तिच्यात आपल्या गावापुढे लिहिलं गेलं: सदरा पांढरा, आधार अल्डन प्राउटी. दरवर्षी एक वीट चढत गेली आणि मी आतल्या बाजूला. गवंडीही मीच.

ठरवलं आहे. १ जूनला मी निळा सदरा घालून जाणार आणि सगळ्यांसमोर सांगणार.

अल्डन

*

कॉर्लिस फॉल्स,
३ जून २०१९

प्रिय एनिड,

झालं ते सांगतो, क्रमाने. तुला क्रम लागतो.

परवा सकाळी तुझा सदरा घातला. पंचवीस वर्षांत मी वाळलोय, तरी खांद्यात बरोबर बसला. माप माझंच घेतलं होतंस, हे मला तोवर कळलंच नव्हतं. जिना उतरलो. सगळं गाव भिंतीपुढे जमलेलं. बँड, लिंबाचं सरबत, शाळेची पोरं पांढऱ्या सदऱ्यांत ओळीने उभी. डार्लीन मला पाहून धावत आली.

"अय्या सर, हे काय घातलंत? सदरा धुवायला टाकलाय का?"

"नाही. हाच खरा."

"बरं बरं. आधी बसा तुम्ही. पाणी आणू?"

पोरांनी कविता म्हटली. साठ कोवळे गळे, हंस उतरले, टाळ्या. मग मला माइकपाशी नेलं. मी शब्दकोशातली घडी काढली, बातमी वाचून दाखवली. काचेचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं. म्हणालो, "हे माझी बहीण एनिड बार्लो हिने चौऱ्याण्णव साली याच गावात सांगितलं होतं. तिचं खरं होतं. मला ते माहीत होतं, आणि मी तिला हसण्यावारी नेलं."

मला वाटलं, आता कुणीतरी शिवी घालेल. एनिड, मी त्या शिवीची किती वाट पाहिली!

टाळ्या वाजल्या. मऊ, सावकाश, आजाऱ्याला थोपटावं तशा. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बिचारे. बहिणीची आठवण येते हो त्यांना." डार्लीनचे डोळे भरून आले होते. तिने माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला, घडी केली, माझ्याच खिशात घातला.

"सर, तुम्ही दमलात. अहो, तुमच्याच पुस्तिकेत आहे ना, पान अकरा. अख्ख्या गावाला पाठ आहे."

"मी खोटं लिहिलं होतं, डार्लीन."

"तुम्ही? खोटं?" ती हसली, लेकराच्या बोबड्या बोलाला हसावं तशी. "आम्हाला सातवीत खोट्याबद्दल दोनशे ओळी लिहायला लावणारे तुम्ही!"

आणि तिने आपल्या हाताने मला निळ्यावरून पांढरा सदरा चढवला. थंडी नव्हती. बाह्या घालताना निळ्याचं वरचं बटण तुटलं, टप्पकन पायाशी पडलं. मी पहिला चेंडू टाकला. फोटो काढले. शंभर वर्षांनी कुणी भिंग लावून बसलं, तर त्याला आतलं काही दिसणार नाही.

चित्रकार तेवढा जाताना थांबला. रंगाने माखलेला, फार न बोलणारा माणूस. मी त्याला विचारलं, "कॅचरच्या डोळ्यांना कुठला रंग दिलात?"

"निळा. फोटोत पांढरे होते म्हणजे निळेच असणार ना?"

"मग सदरे?"

त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मला पांढरे सांगितले होते," आणि ब्रश पुसत निघून गेला.

तेव्हापासून ते दोन डोळे माझ्या खिडकीत आहेत. वीस फुटांवरून पाहतात. गावात ते वाचता येणारा मी एकटाच, आणि माझं वाचलेलं कुणी ऐकणार नाही. ती सोय मीच करून ठेवली आहे.

काल मी यादीवाल्यांना बातमीची प्रत ई-मेलने पाठवली. आज त्यांचं उत्तर आलं. ती माणसं कोरडी. कविता त्यांना पाठ नाही. कॉर्लिस फॉल्सपुढे आता असं लिहिलं आहे: सदरा आकाशी, मोजे लाल, आधार एनिड बार्लो, १९९४. या गावात ती यादी कुणी उघडत नाही. तू उघडून पाहा.

यासोबत सदरा पाठवतो आहे. तो तुझा. मिस लुडलोंच्या वर्गात आपण क्षमेवरची एक कविता पाठ केली होती. ती मला आज एका ओळीनेही आठवत नाही, म्हणून कवितेवाचून मागतो. मला क्षमा कर. नाही केलीस, तरी सदरा ठेव.

पडलेलं बटण मी शोधून आणलं. ते लावायला मला दोन दुपारी लागल्या. वाकडं बसलंय, दोरा पांढरा आहे, आणि माझ्या बोटांची चाळण झाली. उसवू नकोस, एवढंच. यापुढे फोटो तू वाच.

सुई सांभाळणारा,
तुझा अल्डन