तेवीस नंबरची आई

३ मार्च, सोमवार

जाहिरात आली. तीन वर्षं! 'कुटुंबं आणि मुलांचं डिजिटल आयुष्य' — म्हणजे पीएचडीनंतरची सहा वर्षं मी एकेक वर्षाच्या करारावर जे करतेय तेच, पण सलग. जागा एकच. माझा आत्ताचा करार ३१ तारखेला संपतोय. मॅडम म्हणाल्या, "तू अर्ज करच. पण तू एकटीच करणार आहेस असं समजू नकोस." मॅडमचं हे असंच. धीर देतात आणि त्याच वाक्यात काढून घेतात.

नवरा दौऱ्यावर. फोनवर सांगितलं. "मिळेल गं," म्हणाला. गेली सहा वर्षं ह्याचं हेच चाललंय.

नाही मिळाली तर काय, याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. संध्याकाळभर तेवढाच केला.

५ मार्च, बुधवार

अभ्यासासाठी निवडलेल्या एका प्लंबरच्या घरी पहिली भेट. नियमाप्रमाणे संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवलं — मुलांचं बोलणं कोण लिहून घेणार, कोण वाचणार, नको वाटलं तर नाव मागे कसं घ्यायचं. दुसऱ्याच पानावर तो कंटाळला. "मॅडम, सही कुठे करायची तेवढं सांगा ना." मी म्हटलं, असं चालायचं नाही, तुमच्या मुलांचा प्रश्न आहे. त्याची बायको म्हणाली, "अहो, घर घेताना एवढं वाचलं नव्हतं." तरी चारही पानं पुरी केली. ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

जिना उतरताना शाळेच्या ॲपवर तीन फॉर्म आलेले दिसले. सहल, दातांची तपासणी, आणखी कसलं तरी. आज शेवटची तारीख. बस सुटत होती. तिन्हींवर 'मान्य' दाबलं आणि पळाले.

७ मार्च, शुक्रवार

अर्ज पाठवला. पाठवल्यावर पहिल्याच ओळीत चूक दिसली.

११ मार्च, मंगळवार

मुलाखतीला बोलावलं! १९ तारखेला. समोर पाच जण. दहा मिनिटं बोलायचं, ताज्या कामातलं एक उदाहरण घेऊन. तेवढंच नेमकं माझ्याकडे नाही. प्लंबरच्या घरी सगळी इतकी शहाण्यासारखी वागतात की लिहायला काही उरत नाही.

खारू काहीतरी सांगत होती, बहुधा मैत्रिणीशी वाजलंय. (माझी दहा वर्षांची लेक. गालात सतत काहीतरी कोंबलेलं, म्हणून खारू.) मी तेव्हा मेल बघत होते. नीट विचारायला हवं. उद्या.

१३ मार्च, गुरुवार

नवीने (आमची नवी सहायक, म्हणून नवी) शाळांमधल्या मुलाखती टाइप करून पाठवल्या. कामाची वाटणी अशी: घरं माझ्याकडे, शाळा तिच्याकडे. येऊन दोन महिने झाले, पण काम चोख. नावं, शाळा, आईवडिलांचे व्यवसाय, सगळं गाळून फक्त नंबर. कोणतं मूल कुठलं ते मला कळता कामा नये, असा नियमच आहे. मी फक्त वाचायचं. एकेका वाक्याखाली रेघ मारायची आणि समासात त्याला एक नाव द्यायचं.

बावीस मुलांनी सांगितलं, "रोज एक तास." पाढा म्हणावा तसं. आणि मग तेवीस नंबर!

"मला फोन नकोय. आईकडे आहे ना. ती घरीच असते, पण काही सांगितलं की 'हं' म्हणते. मग मी वहीत एक रेघ मारते. रविवारी सगळ्यात जास्त होतात. परवा एकेचाळीस झाल्या. त्यातले दोन 'हं' खरे होते."

नवीने विचारलंय, खरे म्हणजे?

"माझ्याकडे बघून म्हटलेले. त्या रेघांना मी गोल करते."

समासात लिहिलं: हजर पण गैरहजर. आणि खोटं कशाला बोलू, लगेच दुसरा विचार आला तो हा, की उदाहरण मिळालं.

१४ मार्च, शुक्रवार

चहाच्या मशीनपाशी नवी म्हणाली, "तेवीस नंबरची आई काय करत असेल हो?" मी म्हटलं, घरं विकत असेल. त्या लोकांच्या कानाचा फोन सुटत नाही. "नाहीतर बँकेत," ती म्हणाली. बराच वेळ हसलो.

पण मनातून चीड आली. अशा बाईला समोर बसवून चार शब्द सुनवावेत. पोटची पोर हिशेब ठेवतेय आणि हिला पत्ता नाही!

१६ मार्च, रविवार

दिवसभर भाषणाची तयारी. आधी बारा मिनिटं होत होती, मग अकरा, मग पुन्हा बारा. त्या पाचांपैकी एकाने जरी घड्याळाकडे बघितलं तरी माझं पुढचं सगळं विसरायला होणार.

खारू दोनदा पाण्याचा ग्लास ठेवून गेली. थोडा वेळ दारात उभी होती, मग गेली. शहाणी आहे माझी पोर. कामाच्या वेळी मध्ये येत नाही.

१९ मार्च, बुधवार

झाली एकदाची. पहिली दोन मिनिटं काय बोलले देव जाणे. मग तेवीस नंबरची स्लाइड आली. टोकाच्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी चष्मा काढून ठेवला. त्यांच्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "ही आई उद्या तुमच्यासमोर आली तर तिला काय सांगाल?"

मी म्हटलं, "सांगणार काहीच नाही. ती वही तिच्या हातात देईन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. असं उत्तर ऐन वेळी मला सुचलं कसं?

२० मार्च, गुरुवार

काही नाही. मेल उघडून बघितली — किती वेळा ते लिहीत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी मॅडमचा फोन. "तूच आहेस. पत्र सोमवारी निघेल, तोवर कुणाला बोलू नकोस." बाथरूमची कडी लावून रडून घेतलं. तीन वर्षं!

दुपारी रुजू होण्याच्या फॉर्मवर फोटो चिकटवायचा होता. खारू शाळेत. गोंदासाठी तिचा खण उघडला. खाली गणिताची जुनी वही होती. मागच्या बाजूने तारखा घातलेल्या, त्यांच्यापुढे पेन्सिलीच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या करून. ९ मार्च, रविवार: एकेचाळीस. दोन रेघांना गोल.

तिथेच फरशीवर बसले. पुढचं पान उलटलं. १६ मार्च, रविवार: त्रेपन्न. गोल एकही नाही. दोनदा पाणी आणून दिलं होतं तिने.

शाळेचं ॲप उघडलं. त्या दिवशीचा तिसरा फॉर्म: संशोधनात सहभागासाठी पालकांची संमती. वर आमच्या संस्थेचं चिन्ह. चार पानं. त्यातला शब्द न् शब्द मी लिहिलाय. 'कृपया घाई न करता वाचावे' हेसुद्धा मीच लिहिलंय.

आडनाव बापाचं, नवीला कळणार कसं? तिची काही चूक नाही. पण स्वतःच्या मुलीची मुलाखत मी वाचायलाच नको होती, आणि मी ती पाच जणांसमोर मांडून नोकरी मिळवली. कुणालाच कळलं नसतं, हेही मनात आलं. चांगलं अर्धा तास होतं मनात. मॅडमचा नंबर दोनदा लावून कापला. तिसऱ्यांदा बोलले, सगळं.

त्या म्हणाल्या, "सोमवारचं पत्र मी थांबवते. समितीपुढे ठेवावं लागेल. काय होईल सांगता येत नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "मुलाखत काढून टाकायची का, ते तिला विचार. हक्क तिचा आहे."

२२ मार्च, शनिवार

फोन कपाटात ठेवला. खारूच्या समोर बसले. वही तिच्यापुढे ठेवली आणि विचारलं, शाळेत ती ताई आली तेव्हा सांगितलं का नाहीस, माझी आई तुमच्याकडेच असते म्हणून?

"मग तिने माझं घेतलंच नसतं. आणि त्या मुलांचं तू एकेक वाक्य वाचतेस ना, खाली रेघ मारून. म्हणून तिला सांगितलं."

तिने गालातली गोळी ह्या बाजूची त्या बाजूला केली.

"वाचलंस?"