तुमच्या वतीने मी दिलेलं उत्तर

बाबा, आज माझ्या निद्राविकारांच्या प्रयोगशाळेत एक गृहस्थ आले होते. रेल्वेत नोकरीला, झोप येत नाही ही तक्रार. सोबत त्यांची मुलगी. मी विचारलं, "मन में कोई बात अटकी है क्या?" त्यांनी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "नहीं मॅडम, घर में सब ठीक है." मी तिला जरा जोरातच म्हटलं, "तुम बाहर बैठो." ती गोरीमोरी होऊन उठली. नंतर माझ्याच आवाजाची मला लाज वाटली, आणि दिवसभर तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे आहात असं वाटत राहिलं.

आपलं वेगळं राज्य झाल्यानंतरची ती वर्षं. राजधानी बांधायची म्हणून अभनपुरच्या बाजूच्या गावांतल्या जमिनी घ्यायच्या होत्या, आणि महसूल खात्यात तुमच्या वाट्याला काम आलं ते नोटिसा वाचून दाखवायचं. शाळेच्या ओट्यावर उभं राहून तुम्ही वाचायचे, लोक ऐकायचे. कोणी भांडायचं नाही, तेच तुम्हाला सोसत नव्हतं. "एक म्हातारी मले पाणी देऊन राहिली होती," तुम्ही आईला सांगत होता, "अन् मी तिच्याच वावराचा नंबर वाचून राहिलो होतो." त्यानंतर तुमची झोप गेली. ब्राह्मणपाऱ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात मी सकाळी चहा ठेवायला जायची, तर तुम्ही आधीच पाटावर बसून तांदूळ निवडत असायचे. निवडलेलेच पुन्हा निवडायचे. एकदा म्हणालात, "पोट्टे, तू तर मेंदूचं शिकून राहिली. मले झोप काहून येत नाही?" मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "चहा कमी घ्या."

मग आईने मला तुमच्यासोबत शंकर नगरच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि विचारलं, "कोई टेन्शन है क्या? ऑफिस का, घर का?" तुम्ही बोलायला श्वास घेतला होता, मी पाहिलं होतं. त्याच महिन्यात मला संशोधनासाठी बेंगळुरूला जायचं होतं. तुमचं हे आजारपण ठरलं तर माझं जाणं राहील, एवढंच माझ्या मनात आलं. मी म्हणाले, "नहीं डॉक्टर साहब, कोई टेन्शन नहीं है." तुम्ही माझ्याकडे बघता. रागाने नाही. मग म्हणता, "हव, पोट्टी बरोबर सांगते." डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर तुम्ही मला उसाचा रस पाजला.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, अभनपुरच्या रस्त्यावर तुमची स्कूटर झाडावर गेली. समोरून येणाऱ्या माणसाने आम्हाला सांगितलं, "भैया ने ब्रेक ही नहीं मारा. आँख तो खुली थी."

त्या माणसाने काय पाहिलं होतं हे मला कळायला पुढची कितीतरी वर्षं लागली. मी उंदरांना जागं ठेवलं, त्यांच्या रक्तातलं ताणाचं रसायन मोजलं. ते रसायन उतरलंच नाही तर मेंदू राखणदारासारखा जागा राहतो. आणि फार दिवस झोप मिळाली नाही की तोच मेंदू काही क्षणांपुरता आपणहून झोपतो, डोळे उघडे असतानाही. पहिल्यांदा एका उंदराच्या मेंदूच्या आलेखावर झोपेचा असा तुकडा मी पाहिला तेव्हा टेबलाला धरून उभी राहिले. शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, "दीदी, तबियत ठीक है?" मी हो म्हटलं. या विषयाकडे कशा वळलात, असं कोणी विचारलं की मी कुतूहल म्हणून सांगते.

हे पत्र मी कोणाला देणार नाही. आईलाही दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हाला स्मशानात घेऊन गेले, त्या दुपारी घर माणसांनी भरलेलं होतं, आणि मी आतल्या खोलीत जाऊन संध्याकाळपर्यंत गाढ झोपले. धक्क्यानंतर असं होऊ शकतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. पण बाबा, झोपताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता मला बेंगळुरूला जाता येईल, असं वाटलं होतं.